विहिरीचे खाते

मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत ब्राह्मी लिपीतील अनेक दानलेख कोरलेले आहेत. त्या लेखांत चेमुल या गावाचा उल्लेख येतो. चेमुल म्हणजे आजचे चौल. या बंदरातून कान्हेरीस गेलेल्या एका दात्याने तेथे पाण्याचे टाके खोदवून दिले. लेखांच्या भाषेत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. कान्हेरीच्या डोंगरावर पावसाळ्यात पाण्याचे लोट वाहतात आणि वैशाखात खडक तापून निघतो. चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरवायचे, हा तेथील प्रश्न होता. तो पोढीने सोडविला. दीड हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या टाक्यांपैकी कित्येकांत अजून पाणी साठते.

चौलचा प्रश्नही तोच आहे. ग्रीक व रोमन प्रवाशांना ‘सेमुल्ल’ या नावाने माहीत असलेले, अरबांचे ‘सैमूर’, १४६९ च्या सुमारास रशियन व्यापारी अफानासी निकितिन जेथे उतरला ते हे बंदर. पुढे कुंडलिकेची खाडी गाळाने भरत गेली, मुंबईचे बंदर वाढले आणि व्यापार तिकडे गेला. चौलला उरल्या त्या नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळांसमोरची तळी आणि घरोघरच्या विहिरी. अलिबागच्या किनाऱ्यावर वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही वैशाखात याच पट्ट्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी घरे असतात. पावसाची आवक भरपूर आहे. ती राखण्याची व्यवस्था मात्र अपुरी आहे.

व्यापारी घराला ही स्थिती अपरिचित नाही. दुकानाची विक्री उत्तम, पण हाती शिल्लक नाही, असे दिसले की जाणता माणूस प्रथम वही उघडतो. पैसा कोठून आला आणि कोठे गेला हे पाहिल्याशिवाय तो काटकसरीचा एकही उपदेश करीत नाही. घरातील पाण्याकडे मात्र अशा दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. पाणी वाचवावे, नळ बंद ठेवावा, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यातून पैसे नेमके कोठे वाचतात आणि कोठे वाचत नाहीत, याचा हिशेब मांडला जात नाही.

पाणीपट्टी तीच, मग वाचते काय?

चौल-रेवदंडा पट्ट्यात नळाचे पाणी उमटे धरणातून येते. ग्रामीण भागात पाणीपट्टी बहुधा ठोक असते. मीटर नसल्यामुळे दिवसाला तीनशे लिटर वापरले काय आणि हजार लिटर वापरले काय, वर्षाची पट्टी तीच राहते. ज्यांच्या अंगणात विहीर आहे त्यांना तर पाणी फुकटच वाटते. त्यामुळे ‘पाणी वाचवा, बिल कमी होईल’ हे वाक्य चौलच्या गृहिणीला पटत नाही, आणि तिचे म्हणणे वरवर बरोबर आहे.

परंतु पाण्याचा खर्च पाणीपट्टीच्या नावाने येत नाही. तो चार वेगवेगळ्या नावांनी घरात शिरतो. पहिला, विजेच्या बिलातून : मोटार आणि गिझर. दुसरा, उन्हाळ्यात मागवावा लागणारा टँकर आणि पिण्याच्या पाण्याचे जार. तिसरा, शुद्धीकरण यंत्राची पटले, गाळण्या आणि दुरुस्ती. चौथा, क्षारांमुळे जळणारी गिझरची कॉइल, बुजणारे नळ आणि गंजणारी मोटार. हे चार खर्च निरनिराळ्या महिन्यांत, निरनिराळ्या माणसांच्या हातून होतात. म्हणून त्यांची बेरीज कोणी करीत नाही. एका वर्षाच्या पावत्या एकत्र करून पाहिल्या, तर ‘फुकट’ विहिरीचे खरे मूल्य समजते.

हजार लिटर आणि एक बादली

या चार खर्चांत सर्वांत मोठा कोणता? बहुतेकांचे उत्तर ‘मोटार’ असे येईल, कारण तिचा आवाज ऐकू येतो. हिशेब मात्र वेगळे सांगतो.

एक अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण एक युनिट वीज घेते. हजार लिटरची टाकी ती वीस-पंचवीस मिनिटांत भरते असे धरले, तर हजार लिटर पाणी वर चढविण्यास अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते. आता स्नानाची एक बादली घ्यावी. वीस लिटर पाणी पंधरा अंशांनी तापविण्यास सुमारे ०.३५ युनिट वीज लागते. म्हणजे एक बादली पाणी गरम करण्यास जेवढी वीज खर्च होते, तेवढ्यात जवळजवळ हजार लिटर थंड पाणी गच्चीवर पोहोचते.

यावरून काटकसरीचा क्रम ठरतो. पैशाच्या दृष्टीने प्रथम वाचवावे ते गरम पाणी. बादली-तांब्याने स्नान करणाऱ्याचे काम वीस लिटरांत होते. शॉवरखाली सात-आठ मिनिटे उभे राहिल्यास साठ लिटर सहज लागतात. पाच माणसांचे घर धरले आणि प्रत्येकाचे चाळीस लिटर गरम पाणी वाचले, तर रोज साडेतीन युनिटे आणि महिन्याला १०५ युनिटे वाचतात. ज्या महिन्यांत घरात गरम पाण्याची स्नाने होतात, त्या महिन्यांच्या बिलावर हा फरक स्पष्ट दिसतो.

महावितरणच्या घरगुती दरांची रचनाही येथे लक्षात घ्यावी. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी. पुढे ३०० युनिटांपर्यंत वेगळा, ५०० पर्यंत आणखी चढा आणि त्यापुढे सर्वांत अधिक. वाचलेली युनिटे नेहमी वरच्या टप्प्यातून वजा होतात. ३४० युनिटे वापरणारे घर २३५ वर आले, तर त्याची सर्वांत महाग चाळीस युनिटे प्रथम जातात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही सूट शेवटच्या मालावर मिळते, आणि शेवटचाच माल सर्वांत महाग असतो.

गिझरचे तापमान फार वर ठेवून नंतर त्यात थंड पाणी मिसळण्याची सवय अनेक घरांत असते. ते पुरेशा उष्णतेवर ठेवले, स्नाने एकापाठोपाठ उरकली आणि गिझर दिवसभर चालू ठेवला नाही, तर एक पैसाही खर्च न करता बचत होते. ज्यांच्या गच्चीवर ऊन आहे त्यांना सौर यंत्र परवडते. मात्र विहिरीचे पाणी जड असेल तर त्याच्या नळ्यांत क्षार साचतात. यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्यावे.

गोड्या पाण्याचा तरंगता थर

थंड पाणी चढविण्यास वीज थोडी लागते, म्हणून ते हवे तसे उपसावे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मोठ्या तोट्याचा ठरेल. विजेच्या बिलात न दिसणारा खर्च येथेच दडलेला आहे.

समुद्रालगतच्या विहिरीत जे गोडे पाणी दिसते, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि समुद्राकडून आत शिरलेल्या जड खाऱ्या पाण्यावर त्याचा थर बसतो. डच अभियंता बेडन गायबेन आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या थराचा नियम मांडला. वाळूच्या जमिनीत समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. या नियमाचा उलटा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. उपसा वाढून वरची पातळी कायमची एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. जांभ्याच्या वा काळ्या खडकाच्या जमिनीत हे प्रमाण तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा तीच राहते.

म्हणून किनाऱ्यावरची विहीर आटण्याआधी बिघडते. वैशाखात पाणी दिसत असते, परंतु ते मचूळ लागते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. त्यानंतर पोफळ सुकू लागते. नारळ थोडा खारेपणा सोसतो. पोफळीला तो सोसत नाही. पोफळ लावल्यापासून उत्पन्न देईपर्यंत पाच-सात वर्षे जातात आणि नारळाचे झाड दोन पिढ्या फळ देते. एका उन्हाळ्यातील बेसुमार उपशाने वाडीचे जे नुकसान होते ते पुढच्या पावसात भरून निघेलच असे नाही. खारे पाणी एकदा आत शिरले की ते मागे लोटण्यास अनेक पावसाळे लागतात.

अष्टागरातील जुन्या माणसांना हे गणित मांडता आले नसते, पण त्यांच्या रहाटाला ते ठाऊक होते. बैलाने किंवा रेड्याने फिरविलेल्या रहाटाची गाडगी एकामागून एक पाणी आणीत, ते पन्हळीतून डोणीत पडे आणि पाटाने वाडीत जाई. उपसा मंद होता. जेवढे पाणी वर येई, तेवढे झऱ्यांतून भरून निघण्यास विहिरीला वेळ मिळे. विजेची मोटार तेच काम अर्ध्या तासात करते. विहिरीच्या मध्यभागी पाण्याची पातळी झपाट्याने खचते आणि त्या खळग्याखाली खारे पाणी उंचवट्यासारखे वर येते. रहाट पुन्हा आणणे शक्य नाही, त्याची चाल मात्र आणता येते. मोठी मोटार एकदाच बराच वेळ चालविण्याऐवजी लहान मोटार सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ चालवावी. मोटारीची नळी तळापर्यंत सोडू नये. वैशाख-ज्येष्ठात विहिरीला एखादा दिवस पूर्ण विसावा द्यावा.

व्यापाराच्या परिभाषेत विहीर हे मुद्दल आहे आणि दरवर्षीचा पाऊस हे व्याज. व्याजावर घर चालविणारा सुखी राहतो. मुद्दलाला हात घालणाऱ्याची पेढी काही काळ चालते, पण तिचा शेवट सर्वांना ठाऊक असतो.

गेल्या काही वर्षांत चौल, रेवदंडा, नागाव या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी घरे बांधली गेली आहेत. काही व्यापारी कुटुंबांनीही अशी गुंतवणूक केली आहे. शनिवार-रविवारी अशा घरात उतरणारी मंडळी शहरातील सवयीने पाणी वापरतात, आणि तो उपसा शेजारच्या विहिरींच्याही थरातून होतो. जमिनीखाली वाडीचे कुंपण नसते. ज्याची गुंतवणूक याच गोड्या पाण्यावर उभी आहे, त्याने न्हाणीघरात कमी धारेचे नळ बसविणे हा परोपकार नसून आपल्याच भांडवलाचा विमा आहे.

गाळणे, जिवाणी आणि शुद्धीकरण यंत्र

जैन घरात पाण्याकडे पाहण्याची एक जुनी शिस्त आहे. पाण्यातच जीव आहे, अप्कायाची विराधना शक्य तेवढी टाळावी, ही धारणा लहानपणापासून रुजविली जाते. पाणी जाड दुहेरी कापडाने गाळावे, गाळण्यावर उरलेले पाणी, म्हणजे जिवाणी, किंवा गुजराती घरांतला ‘संखारो’, ज्या जलाशयातून पाणी आणले त्यातच हलक्या हाताने सोडावे, हा नियम आजी-पणजींनी कसोशीने पाळला. या नियमामुळे घरात कोणते पाणी कोठून आले याची नोंद आपोआप राही. विहिरीचे पाणी, तळ्याचे पाणी, पावसाचे पाणी यांची सरमिसळ होत नसे. पाणियाऱ्यावरचा प्रत्येक हंडा आपला उगम सांगू शकत असे.

श्रावकाच्या व्रतांतील अनर्थदंडविरमण येथे विशेष बोलके आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील प्रमादचर्येत निष्कारण पाणी सांडणे येते. गरजेपुरता वापर अपरिहार्य आहे. ज्यातून कोणाचेही प्रयोजन साधत नाही तो वापर दोषास्पद. श्वेतांबर परंपरेत रोज धारण करावयाच्या चौदा नियमांत स्नानाची मर्यादा आहे आणि त्यांना जोडून अप्कायाचे, म्हणजे पाण्याच्या वापराचेही परिमाण ठरविले जाते. सकाळी ‘आज एवढेच पाणी’ असा संकल्प करणाऱ्या घराला पाण्याचा अंदाज बांधण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. त्या संकल्पातील आकडा लिटरांत मोजला, की व्रत आणि हिशेब एकाच वहीत येतात.

याच घरांत आज आरओ यंत्र भिंतीवर आले आहे. साधारण घरगुती आरओ एक लिटर पाणी शुद्ध करताना दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते. पाच माणसांच्या घरात पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला चाळीस लिटर लागतात असे धरल्यास ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी रोज मोरीत जाते. महिन्याला हा आकडा अडीच ते साडेतीन हजार लिटरांवर पोहोचतो.

आरओचे खरे काम क्षार काढणे हे आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असणे इष्ट मानले जाते. दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत ते चालवून घेतले जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० हून कमी क्षारांच्या पाण्याला आरओ वापरण्यास मनाई करावी, असा आदेश दिला. क्षार मोजणारे खिशातील यंत्र काहीशे रुपयांत मिळते. धरणाच्या पाण्याचा आकडा ५०० हून कमी निघाला, तर गाळणे आणि उकळणे पुरते. उकाळलेले पाणी पिण्याची प्रथा ज्या घरात आहे तेथे आरओची गरजच उरत नाही. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर आरओ लागेल, पण त्यातून बाहेर पडणारे पाणी मूळ पाण्याहूनही खारे असते. ते पोफळीच्या किंवा केळीच्या आळ्यात घालू नये. फरशी पुसणे, शौचालय धुणे यासाठी ते चालते.

मोरी, नळ आणि टाकी

गरम पाण्यानंतर क्रमाने शौचालयाची टाकी येते. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडतात. पाच माणसांनी दिवसातून पाच वेळा वापर केला तर २५० लिटर होतात. दोन कळांच्या टाकीत लहान कळ तीन आणि मोठी सहा लिटर सोडते. तोच वापर ९० लिटरांत भागतो. जुनी टाकी बदलायची नसेल तर तिच्यात वाळू भरलेली एक लिटरची बंद बाटली, कळीला अडथळा होणार नाही अशी, ठेवावी. प्रत्येक वेळी एक लिटर वाचतो.

भांडी वाहत्या नळाखाली घासली तर मिनिटाला आठ-दहा लिटर जातात. एका टबात घासणे आणि दुसऱ्यात विसळणे ही जुनी रीत या कामाचे पाणी तिसऱ्या हिश्शावर आणते. नळाच्या तोंडाशी बसणारी हवामिश्रक जाळी शंभर-दोनशे रुपयांत मिळते. ती धार बारीक करते, पण हाताला कमी वाटू देत नाही. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी फुलझाडांना द्यावे. कपडे धुण्याचे यंत्र पूर्ण भरल्याशिवाय लावू नये. वरून कपडे टाकावयाच्या यंत्राला समोरून कपडे टाकावयाच्या यंत्रापेक्षा पुष्कळ अधिक पाणी लागते, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे.

गळणाऱ्या नळाविषयी वाद घालण्याऐवजी त्याखाली तासभर भांडे ठेवून पाणी मोजावे आणि त्यास चोवीसने गुणावे. शौचालयाच्या टाकीची गळती कानाला ऐकू येत नाही. टाकीत थोडी हळद कालवून अर्ध्या तासाने खालचे भांडे पाहावे. पिवळी छटा दिसली तर वॉशर बदलण्याची वेळ झाली.

आता बेरीज. पाच माणसांच्या घरात स्नानात २००, शौचालयात १६०, भांड्यांत ११० आणि अनावश्यक आरओ बंद केल्याने ८० लिटर, असे रोजचे साडेपाचशे लिटर वाचू शकतात. पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांत ही बचत एक लाख तीस हजार लिटरांपलीकडे जाते. एवढे पाणी विहिरीत राहिले तर वैशाखातला टँकर पुढे ढकलला जातो, कधी टळतोही.

पागोळ्यांचे पाणी

खर्चाची बाजू झाली, आता जमेची. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लाख लिटर पाणी पागोळ्यांतून खाली येते. उडालेले, सांडलेले वगळून दीड लाख लिटर तरी हाती लागते. आज ते अंगणातून गटारात आणि गटारातून खाडीत जाते.

व्यापारी घराण्यांचे पूर्वज जेथून कोकणात आले, त्या गुजरात-मारवाडात पाण्याचे मोल अधिक होते. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांच्या चौकाखाली टांके असत. छपराचे पाणी नळीने त्यात उतरे आणि वर्षभर पिण्यास वापरले जाई. प्रकाश व धूळ आत न गेल्याने ते टिके. कोकणात पाऊस त्याच्या दुपटीहून अधिक. टांके मात्र येथे आले नाही, कारण विहिरीत पाणी होते. आता विहिरी मचूळ होत असताना ती सोय आठवण्यासारखी आहे.

मोठे टांके बांधण्याची गरज नाही. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज चाळीस लिटर लागतात. दहा हजार लिटरची बंद टाकी त्यांना २५० दिवस, म्हणजे जवळजवळ सबंध कोरडा काळ, पुरते. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य असल्याने आरओ लागत नाही. छप्पर पावसाआधी स्वच्छ करावे, पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर सोडावे, नळीच्या तोंडाशी दुहेरी कापड व जाळी बांधावी, टाकीत उजेड जाऊ देऊ नये. कौलांचे किंवा सिमेंटचे छप्पर यास योग्य. ॲसबेस्टॉसच्या पत्र्यावरचे पाणी पिण्यास घेऊ नये. पिताना ते गाळून, उकळून घ्यावे.

उरलेले पाणी विहिरीस द्यावे. थेट नळी विहिरीत सोडणे चुकीचे आहे. मध्ये एक गाळखड्डा हवा. त्यात तळाशी मोठे दगड, वर खडी आणि सर्वांत वर जाड वाळूचा थर घालावा. वाळूचा वरचा थर दरवर्षी बदलावा. घराचा शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आहे याची खात्री करावी, कारण वाळूच्या जमिनीत मैलापाणी वेगाने पसरते. असे पाणी विहिरीत उतरले की गोड्या पाण्याचा थर वरून जाड होतो आणि खारे पाणी खाली रेटले जाते. किनाऱ्यावरच्या घराला यापेक्षा सुरक्षित ठेव दुसरी नाही.

चौलच्या रामेश्वराच्या देवळासमोर पुष्करणी आहे आणि सभामंडपात पर्जन्यकुंड. पावसाने ओढ दिली की ते कुंड उघडण्याची प्रथा गावाने जपली आहे. प्रथेची श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी; तिच्यामागची शिस्त मात्र सर्वांच्या उपयोगाची आहे. पाण्याची चिंता गावाने एकत्र बसून करावयाची असते, आणि एकट्याच्या विहिरीतले पाणी एकट्याचे नसते, हे त्या प्रथेने पिढ्यान्‌पिढ्या सांगितले.

दोन तिथी, दोन नोंदी

व्यापारी घरात वर्षाचा हिशेब दिवाळीला नव्याने मांडला जातो. चोपडापूजनाच्या दिवशी नव्या वहीत एक पान विहिरीसाठी राखावे. त्या दिवशी पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि विहीर भरलेली असते. कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीला गाठ मारून मोजावे, क्षारांचा आकडा घ्यावा आणि दोन्ही लिहावे. ही आरंभीची शिल्लक.

दुसरी नोंद अक्षय्यतृतीयेला करावी. वर्षीतपाच्या पारण्याचा तो दिवस वैशाखात, पाण्याच्या ओढीच्या काळात येतो. तीच दोरी पुन्हा सोडावी. पातळी किती उतरली आणि क्षार किती वाढले ते पाहावे. त्याच पानावर वर्षातील टँकर, जार, आरओची दुरुस्ती आणि गिझरची कॉइल यांच्या पावत्यांची बेरीज लिहावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी एकाखाली एक आल्या, की विहीर व्याजावर चालली आहे की मुद्दल खात आहे, हे कोणाला विचारावे लागणार नाही.

हे काम घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. दोरीची गाठ कोठवर भिजली हे पाहण्याची उत्सुकता त्या वयात असते. ज्या घरात मुले पाण्याचा आकडा लिहितात, त्या घरात नळ वाहता ठेवलेला कोणाला फार वेळ सहन होत नाही.